खोक्याचं तापमान, अंड्याचं तापमान

कोंबडीचं अंडं यंत्रात ठेवल्यापासून एकविसाव्या दिवशी पिल्लू बाहेर येतं. ते एकोणिसाव्या दिवशीच आलं, लहानखुरं आणि बेंबी नीट न मिटलेलं, तर यंत्र गरम चाललं. तेविसाव्या दिवशी आलं, पोट फुगलेलं आणि पायांवर उभं राहताना लटपटणारं, तर यंत्र थंड चाललं. ढोबळमानाने सरासरी तापमान अर्ध्या अंशाने चुकलं की पिल्लं एक दिवस मागे-पुढे होतात. यंत्रावरचा आकडा तीन आठवडे ३७.५ दाखवत असला, तरी निकाल तारखेचाच मानायचा.

महाराष्ट्रातल्या गावोगावी आता घरगुती उबवणी यंत्रं दिसतात, आणि त्याला सरळ कारण आहे. गावरान कोंबडी खुडूक झाली की दहा-बारा अंडी उबवते, पण तेवढे दिवस आणि पुढे पिल्लं फिरवण्याचे दिवस ती नवं अंडं देत नाही. कडकनाथ तर खुडूक बसायलाच फारशी राजी नसते, आणि तिची अंडी महाग. मग थर्माकोलचा खोका आणला जातो. त्यात एक बल्ब, संगणकातला जुना पंखा, दोन-तीनशे रुपयांचा डिजिटल थर्मोस्टॅट आणि पाण्याची एक वाटी बसली की यंत्र तयार. या साध्या खोक्यातून उत्तम पिल्लं निघतात, आणि याच खोक्यातून पन्नासपैकी पाचच निघाली अशीही गाऱ्हाणी येतात. अंड्यांना दोष दिला जातो, कोंबड्याला दिला जातो, विजेला दिला जातो. पण गाऱ्हाणं तापमानाचं असेल, तर चूक बहुतेक वेळा ऊब देण्यात नसून मोजण्यात असते. म्हणून थर्मोस्टॅटचं बटण फिरवण्याची गोष्ट या प्रकरणात बरीच उशिरा येईल.

आधी पाहिजे तो आकडा. पंखा असलेल्या यंत्रात हवेचं तापमान ३७.५ ते ३७.७ अंश सेल्सिअस हवं. फॅरनहाइटमध्ये ते साडेनव्याण्णव ते शंभर होतं. पंखा नसेल तर हवा थरांनी बसते, वर गरम आणि खाली गार. तिथे अंड्यांच्या वरच्या कडेला ३८.३ ते ३८.९ हवेत, म्हणजे अंड्याच्या मध्याला साडेसदतीसच्या आसपास ऊब पोचते. बरेच जण पंखा लावल्यावरही जुना ३८.९ चा आकडा तसाच ठेवतात आणि सगळी खेप भाजून घेतात. उलट पंखा बंद पडला तरी थर्मोस्टॅटवर ३७.५ दिसत राहतो आणि तळाची अंडी गारठून जातात. दोन्ही ठिकाणी आकड्याची चूक नाही. तो आकडा कोणत्या यंत्राचा, हे विसरलं गेलं.

गर्भाला गरमी आणि गारवा सारखे नाहीत. खोका काही तास तिशीपर्यंत उतरला, तर बहुतेक गर्भ वाचतात आणि पिल्लं फक्त उशिरा येतात. खुद्द कोंबडीसुद्धा रोज दाणापाण्यासाठी अंड्यांवरून उठतेच. पण साडेचाळीस अंशांवर काही तास गेले तर गर्भ मरू लागतात, आणि जे वाचतात त्यांतही व्यंग येतं. त्यामुळे शंका असेल तेव्हा किंचित खालच्या बाजूला राहणं शहाणपणाचं.

ऊब आपोआप राखण्याची युक्ती माणसाने प्रथम ज्या कामांसाठी शोधली, त्यांत अंडी उबवणं होतं. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडच्या राजदरबारी असलेल्या कॉर्नेलिस ड्रेबेल या डच कारागिराने अल्कोहोल आणि पारा यांच्या प्रसरणावर भट्टीची झडप उघडझाप करणारी रचना केली होती, आणि त्याने ती अंडी उबवायला वापरली. आपल्या हातातल्या थर्मोस्टॅटचा हा पूर्वज. त्याहून कितीतरी आधीपासून इजिप्तमध्ये विटांच्या मोठमोठ्या भट्ट्यांत हजारो अंडी उबवली जात. तिथले कामगार अंडं पापणीला लावून त्याची ऊब ओळखत. रेओम्यूर या फ्रेंच शास्त्रज्ञाने त्या भट्ट्यांचा अभ्यास करून १७४९ मध्ये कृत्रिम उबवणीवर ग्रंथ लिहिला. त्याच्या नावाचं तापमानाचं मापही पुढे युरोपात चाललं. त्या इजिप्शियन कामगारांची एक गोष्ट आपण उचलायला हवी. ते भट्टीचं नव्हे, अंड्याचं तापमान पाहत.

आता तपासणीकडे वळू. पहिला प्रश्न असा की तुमचा तापमापक खरं सांगतो का? डिजिटल पडद्यावर ३७.५ असं दशांशासकट दिसलं की तो आकडा अचूक वाटतो. पण दशांश दाखवणं वेगळं आणि दशांशाइतकं बरोबर असणं वेगळं. स्वस्त सेन्सर एक-दीड अंशाने सहज चुकतात, आणि एकाच दुकानातून घेतलेले दोन तापमापक शेजारी ठेवले तर दोन आकडे दाखवतात. तिसरा विकत आणून मतदान घेण्यात अर्थ नाही. एक खात्रीचा हवा, आणि तो बहुतेक घरांत असतोच. तो म्हणजे तापाचा थर्मामीटर.

तापाचा थर्मामीटर नेमका याच पट्ट्यासाठी, ३५ ते ४२ अंशांसाठी, बनवलेला असतो आणि तिथे दशांशापर्यंत भरवशाचा असतो. मोठ्या तांब्यात कोमट पाणी घ्या, अडतीसच्या आसपासचं. हाताला जेमतेम ऊबदार लागेल इतकंच. पारा असलेला थर्मामीटर बेचाळीसच्या वर गेला तर काच फुटते, म्हणून घाई नको. थर्मोस्टॅटच्या सेन्सरचं धातूचं टोक आणि थर्मामीटरचं टोक दोऱ्याने शेजारी-शेजारी बांधून पाण्यात बुडवा आणि पाणी हळूहळू ढवळत राहा. दोन-तीन मिनिटांनी दोन्ही आकडे लिहून घ्या. पाऱ्याचा थर्मामीटर चढलेला आकडा धरून ठेवतो, पाणी निवलं तरी खाली येत नाही, हे लक्षात ठेवून प्रत्येक वेळी झटकून घ्यावा. पाणी थोडं निवल्यावर पुन्हा एकदा मोजा. दोन्ही वेळा सेन्सर ०.८ ने जास्त दाखवत असेल, तर त्याची खोड ओळखली गेली. ती खोड नेहमी तेवढीच आणि त्याच दिशेला असेल तर सेन्सर वापरायला उत्तम आहे. दर वेळी वेगळा फरक येत असेल तर तो फेकून द्यावा.

बर्फाच्या पाण्यात शून्य अंशाला तपासायची पद्धतही सांगितली जाते. ती चुकीची नाही, पण आपल्याला शून्याशी कर्तव्य नाही. शून्याला बरोबर असलेला सेन्सर अडतीसला चुकू शकतो. जिथे वापरायचं तिथेच तपासावं.

दुसरा प्रश्न सेन्सर बसलाय कुठे, हा. तो बल्बच्या नजरेत असेल तर हवेचं तापमान सांगत नाही, बल्बचा झोत सांगतो. उन्हात उभ्या माणसाला सावलीतल्यापेक्षा जास्त उकडतं, हवा तीच असली तरी. तसा हा सेन्सर लवकर तापतो, बल्ब लवकर बंद करतो आणि बाकी खोका गार राहतो. तो झाकणाला चिकटवलेला असेल तर वरची गरम हवा मोजेल, भोकाजवळ असेल तर बाहेरची गार हवा, आणि पाण्याच्या वाटीला टेकला असेल तर भलतंच काही. त्याची जागा अंड्यांच्या मधोमध, अंड्यांच्या उंचीवर, बल्बपासून आडोशाला. बल्ब आणि अंडी यांच्या मध्ये पत्र्याचा एक तुकडा उभा केला की सेन्सरही आडोशाला जातो आणि बल्बजवळची अंडी एका अंगाने भाजणंही थांबतं. मग सुटा तापमापक घेऊन चारही कोपऱ्यांत अर्धा-अर्धा तास ठेवून पाहावं. कोपऱ्या-कोपऱ्यांत एका अंशाहून जास्त फरक निघाला तर थर्मोस्टॅटला हात लावू नये, पंख्याची दिशा बदलावी. पंख्याचा झोत थेट अंड्यांवर न सोडता भिंतीवर सोडला की हवा चांगली फिरते.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण तिने निम्मी चिंता जागीच संपते. बल्ब पेटतो-विझतो तसं हवेचं तापमान दर काही मिनिटांनी वर-खाली होतं. अंड्याचं होत नाही. गावरान अंडं चाळीस-पंचेचाळीस ग्रॅमचं असतं, आणि त्याचा मोठा भाग पाणी. पाण्याला तापायला आणि निवायला वेळ लागतो. हवा ३६.८ ते ३८.२ अशी झुलत असताना अंड्याचा गाभा साडेसदतीसच्या आसपास स्थिर असू शकतो. झाकण उघडलं की पडद्यावरचा आकडा झपकन तिशीपर्यंत उतरतो. अंडं मात्र तितकं हलत नाही. पण माणूस तो आकडा पाहून घाबरतो, बटण वाढवतो, तासाभराने तापमान चढलेलं दिसतं म्हणून पुन्हा कमी करतो. आजार नव्हता, उपचारानेच झाला.

यावर सोपा उपाय आहे, पाण्याचं अंडं. अंड्याएवढी लहान प्लास्टिकची बाटली पाण्याने काठोकाठ भरा, झाकणाला भोक पाडून त्यात दुसऱ्या तापमापकाचं टोक सोडा, भोक मेणाने बुजवा आणि ही बाटली अंड्यांमध्येच आडवी ठेवून द्या. तो तापमापक अंड्याच्या मनातलं सांगतो. थर्मोस्टॅटचा सेन्सर हवेतच राहू द्या, नाहीतर बल्ब खूप उशिरा विझेल आणि हवा फार तापेल. बल्बचा कारभार हवेच्या आकड्यावर, आणि तुमचा निर्णय पाण्याच्या अंड्याच्या आकड्यावर.

मोठ्या हॅचरींत अंड्याच्या कवचाचं तापमान कानाच्या थर्मामीटरने मोजतात, अंड्याच्या पोटाशी, आणि ते ३७.८ ते ३८ च्या आसपास राखतात. कोविडच्या काळात घरोघरी आलेली कपाळावर रोखायची गन त्यासाठी वापरता येते, पण ती वस्तूच्या पृष्ठभागाचं तापमान मोजण्याच्या पर्यायावर ठेवून. माणसाच्या पर्यायावर ती कपाळाच्या आकड्यात आपली भर घालून शरीराचं तापमान सांगते, आणि अंड्याला ती भर लागू नाही.

आता थर्मोस्टॅट. बाजारात सर्रास मिळतो तो डब्ल्यू १२०९ नावाचा बारा व्होल्टचा छोटा बोर्ड. त्यात दोन गोष्टी आधी पाहायच्या. ‘पी ०’ या सेटिंगमध्ये ‘एच’ म्हणजे गरम करणं आणि ‘सी’ म्हणजे थंड करणं. चुकून ‘सी’ राहिलं तर खोका तापल्यावर बल्ब लागतो, आणि पुढे तो विझतच नाही. दुसरी गोष्ट ‘पी १’. बल्ब विझल्यावर तापमान किती उतरलं की तो पुन्हा लागावा, ते अंतर इथे ठरतं. नव्या बोर्डात हे साधारणपणे दोन अंशांवर असतं. म्हणजे तुम्ही ३७.५ लावलं की बल्ब ३७.५ ला विझतो आणि थेट ३५.५ ला लागतो. पडद्याकडे नजर गेली आणि ३७ दिसलं की सगळं ठीक वाटतं, पण सरासरी साडेछत्तीसच्या जवळ राहते आणि पिल्लं दोन दिवस लांबतात. ‘पी १’ ०.२ किंवा ०.३ वर आणावं. ०.१ वर आणलं तर बल्ब चालू-बंद करणारा आतला रिले सारखा टकटक करतो आणि त्याचं आयुष्य घटतं. तांब्यातल्या तपासणीत सापडलेली खोड ‘पी ४’ मध्ये भरून दुरुस्त करता येते. हे सगळं करताना मुख्य वीज बंद असावी. बाजूला पाण्याची वाटी आणि उघड्या तारा आहेत.

रिलेचा एक दोष फार घातक आहे. जास्त वॉटचा बल्ब वर्षानुवर्षं चालू-बंद करून त्याचे आतले संपर्क चिकटतात. थर्मोस्टॅट बंद म्हणतो, बल्ब पेटलेलाच राहतो. रात्री हे झालं तर सकाळी अंडी उकडलेली मिळतात. म्हणून बल्बच्याच तारेत एकामागे एक असा दुसरा साधा थर्मोस्टॅट ३८.५ ला लावून ठेवावा. पहिला फसला तर दुसरा तोडेल. खर्च थोडा, आणि खेप वाचते.

मोजमाप पक्कं झालं आणि तरीही खोका खरंच गार राहत असेल, तर बल्ब किती वेळ पेटलेला असतो ते पाहा. तो सतत पेटूनही आकडा चढत नसेल तर ऊब कमी पडते. कधी कुणीतरी विझलेल्या बल्बच्या जागी एलईडी लावलेला असतो. तो उजेड देतो, पण ऊब नावापुरतीच. कधी संध्याकाळी सगळ्या गावाचे पंप सुरू झाले की व्होल्टेज पडतं. २३० च्या जागी १८० व्होल्ट आले तर १०० वॉटच्या बल्बची ताकद सत्तर वॉटच्या खाली येते. रोज ठरावीक वेळेलाच तापमान उतरत असेल तर संशय इथेच घ्यावा. एका मोठ्या बल्बऐवजी चाळीस-चाळीस वॉटचे दोन बल्ब लावले तर ऊब सारखी पसरते आणि एक गेला तरी दुसरा तग धरतो. तापमान चढावं म्हणून हवेची भोकं बुजवण्याचा मोह मात्र टाळा. शेवटच्या आठवड्यात गर्भाला प्राणवायू सगळ्यात जास्त लागतो.

अंडी ठेवण्याआधी खोका पूर्ण एक दिवस रिकामा चालवून पाहावा, आत पाण्याच्या दोन-तीन बाटल्या ठेवून. पाणी ऊब साठवतं, चढउतार कमी करतं. मग अंडी ठेवली की तापमान पडतं आणि पूर्ववत व्हायला काही तास लागतात. त्या तासांत काहीही करायचं नसतं.

साधारण बाराव्या-तेराव्या दिवसानंतर चित्र उलटतं. तोवर अंडं ऊब घेत होतं, आता वाढलेला गर्भ स्वतःची ऊब बाहेर टाकू लागतो. पन्नास अंडी एकमेकांना खेटून असतील तर हवा ३७.५ असतानाही मधल्या अंड्यांचं तापमान अंशभर वर जाऊ शकतं. ज्यांची अंडी अठराव्या दिवसापर्यंत जिवंत दिसतात आणि मग कवचातच मरतात, त्यांनी आर्द्रतेबरोबर हीही शक्यता तपासावी. चौदाव्या दिवसानंतर पाण्याच्या अंड्यापेक्षा कवचाचं तापमान अधिक खरं, कारण बाटलीतलं पाणी स्वतः ऊब निर्माण करत नाही. अंड्यांत बोटभर अंतर ठेवा, भोकं मोकळी करा, आणि अठराव्या दिवसापासून हवा ३७.२ पर्यंत खाली आणली तरी चालते.

जास्त तापमान ठेवलं की तलंगा जास्त मिळतात, असं ठामपणे सांगणारी माणसं भेटतात. हे कोंबडीला लागू नाही. रत्नागिरी जिल्ह्यात वेळासच्या किनाऱ्यावर घरटी करणाऱ्या ऑलिव्ह रिडले कासवांचं लिंग वाळूच्या तापमानावर ठरतं. कोंबडीत ते अंडं तयार होतानाच गुणसूत्रांनी ठरलेलं असतं.

वीज गेली तर पहिलं काम म्हणजे खोका न उघडणं. पहिल्या आठवड्यातली अंडी असतील तर खोक्यावर गोधडी टाका. चार-पाच तास निभावतात. शेवटच्या आठवड्यातली असतील तर अंड्यांची स्वतःची ऊब मदतीला असते, पण तेव्हा गोधडीने भोकं झाकली जाऊ नयेत, नाहीतर गारठ्याआधी पिल्लं गुदमरतील. वीज रात्रभर येणार नाही असं कळलं, तर गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून आत ठेवा, अंड्यांना न टेकवता. वीज आल्यावर बटण वाढवून भरपाई करायला जाऊ नये. चार दिवस थांबून अंडी अंधारात टॉर्चवर धरावीत आणि मगच ठरवावं. बरीचशी पिल्लं निघतात, एखादा दिवस उशिरा.

सगळ्यात अवघड दुखणं आपल्याकडे उन्हाळ्याचं आहे, आणि त्याचा विचार कमीच होतो. बल्ब आणि थर्मोस्टॅटचा खोका फक्त गरम करू शकतो, थंड करू शकत नाही. चंद्रपूर-अकोल्याकडे मे महिन्यात बाहेर पंचेचाळीस अंश असतात आणि पत्र्याच्या खोलीत दुपारी चाळीस ओलांडतात. बल्ब विझलेला, सेन्सर बरोबर, थर्मोस्टॅट बरोबर, तरी आत एकोणचाळीस. इथे यंत्रात दुरुस्त करण्यासारखं काहीच नसतं. खोली बदलावी लागते. मातीच्या जाड भिंतींची, उत्तरेकडची, तळमजल्यावरची खोली आणि कूलर. कूलरमुळे खोलीत ओल वाढते, म्हणून खोक्यातली पाण्याची वाटी लहान करावी. तेही जमत नसेल तर एप्रिल-मे सोडून द्यावा. थंडीत निफाडकडे पहाटे तापमान एक आकडी होतं, तेव्हाही खोका सांभाळणं यापेक्षा सोपं, कारण ऊब वाढवता येते.

उन्हाळ्यातलं नुकसान यंत्राच्याही आधी सुरू झालेलं असतं. गर्भाची वाढ विशीच्या आसपास थांबलेली राहते. त्याच्या वर ती अर्धवट सुरू होते, आणि पुरेशी ऊब न मिळाल्याने गर्भ दुबळा होतो किंवा मरतो. उबवायची अंडी १५ ते १८ अंशांत ठेवावीत आणि आठवड्याच्या आत यंत्रात घालावीत. अडतीस अंशांच्या स्वयंपाकघरात फळीवर आठवडाभर साठवलेल्या अंड्यांत वाढ केव्हाच सुरू होऊन बिघडलेली असते. अशी अंडी कितीही चांगल्या खोक्यात घातली तरी पाचव्या-सहाव्या दिवशी टॉर्चवर रक्ताचं कडं दिसतं, आणि दोष थर्मोस्टॅटवर जातो. कोरड्या हवेच्या विदर्भ-मराठवाड्यात यावर मातीचं मडकं कामाला येतं. मोठ्या मडक्यात ओली वाळू, त्यात लहान मडकं, त्यात अंडी, वर ओलं गोणपाट, आणि हे सगळं सावलीत, वारा लागेल असं. पाण्याच्या बाष्पीभवनाने आतलं तापमान खोलीपेक्षा बरंच खाली उतरतं. पंधरा अंश नाही मिळत, म्हणून साठवण तीन-चार दिवसांवर आणावी आणि अंडी दिवसातून दोनदा गोळा करावीत. कोकणात मात्र या मडक्याचा फारसा उपयोग नाही. तिथली हवा आधीच दमट असल्याने पाणी उडतच नाही. तिथे कमी अंडी जमवून लवकर यंत्रात घालणं, हाच मार्ग.